रक्तपेढीचे रक्तगट नाहीसे जाहले त्याची हकिकत

श्रीगजानन प्रसन्न असो, ऐकणारांस समाधान असो. शके एकोणीसशे शेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, मार्गशीर्षमासी जे घडले ते लिहितो. एक मुलूख होता, त्यास तट नाही, खजिना नाही. मुक्त लायब्ररी म्हणोन विख्यात, म्हणजे कोणीही फुकट वापरावा ऐसा तयार प्रोग्रामांचा संच. प्रोग्राम एक भाषा बोले आणि डेटाबेस दुसरी, दोहोंमध्ये दुभाष्याचे काम ही लायब्ररी करी. ती रचणार अवधूतराव सबनीस, आणि चाचण्यांचा कारभार मृदुलाबाई चौबळ यांजकडे. नवी आवृत्ती निघावयाची, मुहूर्त ठरला, तों ही लायब्ररी वापरणाऱ्या एका रक्तपेढीचे डॉक्टर मणेर यांची तक्रार आली की, दात्याचा रक्तगट नोंदविता पडद्यावर दिसतो, आणि सकाळी संगणक सुरू करावा तों रकाना कोरा.

मग बाईंनी चाचणी चालविली. दाता लिहिला, परत मागितला, रक्तगट जैसाचा तैसा आला, चाचणी हिरवी, म्हणजे उत्तीर्ण, जाहली. मग डेटाबेस उघडोन पाहती तों रकाना कोरा. बाई चक्रावल्या आणि रावांस फोन करोन बोलिल्या, "राव, कोरेही आहे आणि बरोबरही आहे. मला वेड लागले की काय?"

राव कोपोन बोलिले, "चाचणी हिरवी ना? मग डॉक्टरच चुकत असतील." आणि स्वतः पाहो लागले, आणि तेही भांबावले.

मग बाईंच्या मनी आले की, डेटाबेसात रक्तगट नाहीच, तर येतो कोठून? शोध करिता कळले की, लायब्ररी दिलेला दाता आपल्याच स्मरणात धरोन ठेवी आणि मागताच तोच पुढे करी. डेटाबेसास विचारीच ना. तेव्हा बाईंनी मधेच ते स्मरण पुसविले आणि चाचणी पुन्हा चालविली. तों लाल. आणि बाकीच्याही तैशाच चालविल्या, मग कित्येक लाल.

राव बोलिले, "बाई, इतकी वर्षे आपण तपासले तरी काय?"

"मलाही कळेना," बाई बोलिल्या.

मुहूर्त मोडिला. कोणते नाव कोणत्या रकान्यात जावे त्या जुळणीत रक्तगट राहोन गेला होता, तो जोडिला, आणि बाकीच्या लाल चाचण्यांच्या चुकाही निस्तरिल्या. परंतु जे लिहिलेच नव्हते ते परत कोठून यावे? मग रावांनी डॉक्टरांस फोन करोन चूक कबूल केली.

डॉक्टर म्हणाले, "अहो, दात्यांना पुन्हा सुई टोचू? काय सांगू त्यांना?"

"मी येतो. मीच सांगतो," राव बोलिले.

आणि राव गेले, आणि दाते आले, आणि एक आजोबा बाही वर करोन विचारिते जाहले, "काय हो, माझे रक्त हरवले कसे?"

"रक्त नाही आजोबा, गट हरवला."

"म्हणजे आता माझ्यात कोणता आहे?"

राव समजावो लागले, तों सुई टोचोन जाहली.

सारांश, गट मिळाले, आवृत्ती उशिरा निघाली, आणि आजोबांची समजूत पटली की नाही, हे लिहिणारास ठाऊक नाही.