न सुटणारा हात

दवनीवाड्यात कोणी भेटलं की लोक रामराम करतात. आमचे टेकचंदकाकाजी मनगट पुढे करतात. "धर." बस, एवढंच. नाही धरलं तर तसेच उभे, पापणी न हलवता. धरलं, तर डोळा लवायच्या आत मनगट तुमच्या अंगठ्याच्या फटीतून निसटलेलं असतं, आणि त्यांचा चेहरा असा पडतो की जिंकलेल्या माणसाचा कधी पडू नये. हात भर उन्हाळ्यातही थंडगार. माझ्या मेडिकलमध्ये ते आले की बाया लेकरांना जवळ ओढून घेतात.

रोज सकाळी ते गावच्या बोडीवर, म्हणजे आमच्या छोट्या तलावावर, पायरीवर बसून हात कोपरापर्यंत पाण्यात घालतात. एकदा मी थट्टेनं विचारलं, "काकाजी, मासोळ्या पकडून राहिले का?"

"नाही. कोणी धरते का, पाहून राहिलो."

त्या दिवशी माझा चहा तसाच राहिला.

तरुणपणी काकाजी गोंदियाला जाऊन कराटे शिकले होते. मग तीस वर्षं त्याचं नाव नाही. आता पंचावन्नाव्या वर्षी पुन्हा क्लास लावायचं खूळ. दर मंगळवारी मी माल आणायला गोंदियाला जातो, तेव्हा ते माझ्या गाडीवर मागे बसत. खोटं कशाला बोलू, फुकटचा तमाशा पाहायला मिळतो म्हणून मीही नेत होतो.

जिथे जाऊ तिथे एकच प्रश्न. "मनगट धरलं तं सोडवाले शिकवता का?"

कराटेचे सर खूश झाले. "अरे अंकल, पहले ही हफ्ते में!"

"मंग नाही पायजे."

तायक्वांदोवाल्यानं बीपी-शुगर विचारून हात सोडवायचे तीन प्रकार दाखवले. चौथा सुरू होईपर्यंत काकाजींच्या पायात चपला होत्या. लाठीवाले गुरुजी म्हणाले, आमच्यात हात लागतच नाही. "मंग काय कामाचं?"

परतताना वैतागून मी नागरा गावाजवळ गाडी थांबवली. "सारं जग हात सोडवायला शिकते काकाजी. तुम्हालेच काऊन नको?"

ते रस्त्याकडे पाहत बोलले. धाकटा भाऊ हेमू बोडीत शिंगाडे काढताना बुडायला लागला. हे धावले. त्यानं यांचं मनगट धरलं. "मी त्याले ओढूनच राहिलो होतो, बाबू. हात आपोआप फिरला. अंगठ्याकडं. रोज शंभर वेळा करत होतो ना." मग म्हणाले, "एकदम बरोबर फिरला. सरानं शिकवला तसा."

मला लाज वाटली. तमाशा म्हणून नेत होतो मी या माणसाला.

शेवटी ज्युदो ठरला. "यहाँ पकड़ ही सब कुछ है," सर म्हणाले. ज्युदोतही पकड तोडायला शिकवतात हे मला मागाहून कळलं, तेव्हा सरांना बाजूला घेऊन हात जोडले: यांना तेवढं सोडून सगळं शिकवा. चार महिने झाले, काकाजी पांढरा पट्टा बांधून दहा-दहा वर्षांच्या पोरींच्या रांगेत उभे राहतात. पोरी त्यांना धडाधड आपटतात. ते पडतात, पण कॉलर सोडत नाहीत.

गेल्या आठवड्यात त्यांनी मला बोडीवर बोलावलं. "पाण्यात उतर. मनगट धर. जीव जाऊन राहिला असं समजून खाली ओढ."

मी उतरलो, छातीभर पाण्यात. शिंगाड्याचे वेल पायाला लागत होते. वाऱ्याचा पत्ता नव्हता, पण पाणी हलत होतं. पायरीवरून त्यांनी पुढे केलेलं मनगट मी धरलं आणि डोळे मिटून ओढलं. त्यांचा हात ताणला गेला. थांबला. नको फिरू रे बाबा, मी मनात म्हणत होतो. मग तो अंगठ्याकडं फिरलाच. सुटला.

काकाजी त्या हाताकडे दुसऱ्या कोणाचा असल्यासारखे पाहत राहिले. "पुन्हा धरतो, काकाजी," मी म्हटलं. पण त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. ते वाकले, तोंड पाण्याजवळ नेलं, आणि हळूच म्हणाले, "थांब ना, हेमू. अजून शिकून राहिलो."