चोवीस फोटोंचा एक सेकंद

निळ्या प्रती काढण्याच्या कामात मला कुणी शिकवायला येऊ नये! इमारतींच्या नकाशांच्या निळ्या प्रती काढण्यात माझी अख्खी नोकरी गेली. कागदाला मसाला लावा, वर नकाशा ठेवा, उन्हात धरा, पाण्यात बुडवा, झालं! म्हणून मुलगा जेव्हा म्हणाला, "बाबा, या वयात हे कशाला?" तेव्हा मी त्याला हातानेच गप्प केलं.

त्याचं असं झालं. बायको जाऊन आठ महिने झाले. एका सकाळी दाढी करताना लक्षात आलं, की ती चालायची कशी तेच मला आठवत नाही. चेहरा आठवतो, आवाज आठवतो, तिची शिंक तर शेजाऱ्यांनाही आठवते. चाल मात्र गेली. मोबाइलमध्ये तिचे दोनच व्हिडिओ आहेत. दोन्हींत ती आजारपणातल्या खुर्चीत बसलेली.

त्याच आठवड्यात टीव्हीवर जुन्या कार्टूनपटांचा कार्यक्रम लागला. एक म्हातारा चित्रकार सांगत होता, बदकाला एक सेकंद चालवायचं तर चोवीस चित्रं लागतात. मी ताडकन उठलो! माझ्या पेटीसारख्या जुन्या कॅमेऱ्याने मी दरवर्षी आमच्या दारासमोर बायकोचा एक फोटो काढायचो. निगेटिव्ह मोजल्या. बरोबर चोवीस! काळ्यावर पांढऱ्या भुतासारख्या त्या बाईचं नीट काही दिसत नव्हतं, पण कुठे डावा पाय पुढे असेल, कुठे उजवा. निळ्या प्रती काढायच्या, एकावर एक शिवायच्या, अंगठ्याने फरफर सोडायच्या, की चालली बायको! एक सेकंद का होईना.

"दुकानात द्या ना, बाबा," सून म्हणाली. ती नर्स आहे.

"दुकानात? आणि मी काय झोपा काढू?"

न्हाणीघराची खिडकी चादरीने बंद केली. मसाला लावलेले ओले कागद दोरीला चिमट्यांनी टांगले. थेंब गळायला खाली बादली होतीच. बादली मी पाहिली. बादलीत काय आहे, ते पाहिलं नाही.

बादलीत सुनेचे तीन पांढरे गणवेश पिळून ठेवलेले होते. तिने ते उन्हात वाळत घातले आणि तासाभराने किंचाळली, "बाबा! गणवेशाला कांजिण्या आल्यात!"

घाबरल्यावर माणूस स्वतःचा धंदा विसरतो. मी ओरडलो, "पाण्यात टाक, पाण्यात!" ऊन लागलेल्या मसाल्याला पाणी दाखवलं की रंग पक्का होतो, हे मी शंभर पोरांना शिकवलंय. हिरवट ठिपके गडद निळे झाले! आम्ही दोघं चोळतोय आणि ते आणखी खुलताहेत!

आरडाओरडा ऐकून खालच्या मजल्यावरची मेहुणी वर आली. "सरका, भाऊजी! धुण्याचा सोडा कुठंय?" सोडा पडला आणि निळं खरंच गेलं! मी टाळ्या वाजवल्या. वाळल्यावर सून म्हणाली, "कांजिण्या बऱ्या झाल्या. आता कावीळ."

ती घरच्या कपड्यांत कामावर गेली, तर तिथल्या नव्या वॉचमनने, "भेटायची वेळ संपली, बाई," म्हणून तिला फाटकातच अडवलं. अर्धा तास!

घरी येऊन तिने पर्स आपटली. "झालं समाधान?"

"फक्त उद्यापर्यंत थांब गं," मी म्हणालो. "उद्या तुझ्या सासूबाई चालणार आहेत." तिने पर्स उचलून ठेवली. मग स्वतःच सुई-दोरा आणून दिला.

दुसऱ्या दिवशी चोवीस प्रती निघाल्या. अगदी झकास! शिवल्या. मुलगा, सून, मेहुणी माझ्या खांद्यावरून वाकले. मी अंगठा सोडला.

बायको उभी होती. हात खाली, मान ताठ, पाय जुळलेले. साड्या बदलल्या, केस निळ्याचे पांढरे झाले, चष्मा आला. पाय जागचे हलले नाहीत.

"उलटं करून बघा," मुलगा म्हणाला.

उलटं केलं. चष्मा गेला, ती तरुण झाली. तरी उभीच.

"हलेल कशी?" मेहुणी म्हणाली. "कॅमेरा हातात घेतला की कसे खेकसायचा तुम्ही! 'हलू नकोस! अजिबात हलू नकोस!' माझी ताई श्वास धरून उभी राहायची."

"पण एखाद्या वर्षी तरी आई हलली असेलच ना?" मुलाने विचारलं.

"हलली की. पाच-सहा वेळा हलली. एकदा तर हसत सरळ माझ्याकडेच चालत आली," मी म्हणालो.

"मग ते फोटो कुठंयत?"

ते बिघडले म्हणून मी निगेटिव्हसकट फाडून टाकले होते. तिच्या डोळ्यांदेखत. आणि वर म्हणालो होतो, "आता पुन्हा उभी राहा. नीट."