फेस बसेपर्यंत

आमच्या शेजारच्या हवालदारनानांच्या घरी कोल्ड्रिंकची बाटली आली की ती आधी बाहेरच्या सोप्यातल्या स्टुलावर उभी राहते. नाना खड्या आवाजात हुकूम सोडतात, "विश्राम." मग त्यांनी सांगेपर्यंत तिला हात लावायची कुणाची टाप नाही. पाहुण्यांनी तोवर बाटलीकडे बघत बसायचं.

नाना लष्करात ट्रक चालवायचे. आता मेढ्यात आमच्या भिंतीला भिंत लावून एकटेच राहतात. मिशा तेवढ्या अजून ड्यूटीवर आहेत, बाकी सगळं रिटायर.

एकदा मी घाईत होते, म्हणून बाटलीला दोन टिचक्या मारल्या आणि टोपणाला हात घातला. नानांनी बाटलीच काढून घेतली.

"टिचक्यांना बुडबुडं भित्यात व्हय, सूनबाई? आवं, गॅस पान्यात दाबून बसवल्याला असतोय. बाटली हिंदकळली की वरची हवा बारीक बुडबुडं हून खाली जाती. टोपन काढलं, दाब गेला, की समदा गॅस त्या बुडबुड्यांत शिरतोय. मग ती फुगत्यात आन पानी घिऊन भाईर पळत्यात. जरा थांबलं की बुडबुडं आपसूक वर येत्यात. टिचक्या मारताना जो वेळ जातोय ना, काम त्योच करतोय."

आमच्या गल्लीतल्या साखरपुड्याला नवऱ्यामुलाच्या मामांनी हे ऐकलं नाही. मोटारसायकलवरून घाटातनं आलेली बाटली त्यांनी उतरल्या उतरल्या उघडली आणि व्याह्यांचा फेटा, भटजी आणि पेढे एकदमच भिजले. नाना फक्त "मी म्हनलं हुतं" एवढंच म्हणाले, पण ते महिनाभर म्हणत होते.

नानांची बायको, म्हणजे आमच्या काकू, होत्या तोवर त्या घरात चहा व्हायचा. आमच्याकडे दारात आलेला माणूस काही घेतल्याशिवाय उठत नाही. पण चहाचं काय, बशीत ओतला, भुरकला, माणूस निघाला. काकू गेल्या आणि नानांनी चहाच बंद केला. म्हणतात, "मला जमत न्हाई." ट्रकच्या आडोशाला स्टोव्ह पेटवून सगळ्या तुकडीला चहा पाजलेला माणूस हा. मी म्हटलं, असेल बाबा.

त्यांचा मुलगा सांगलीला असतो. सुट्टीत बायको-मुलीला घेऊन महाबळेश्वरला जाताना वाटेत डोकावतो. "येतंय पोरगं," नाना एकदा मला म्हणाले होते, "पर टेकत न्हाई."

परवा ते आले. मुलगा दारातूनच म्हणाला, "नाना, हॉटेलवर लवकर पोचायचंय, फक्त भेटायला आलो." बाहेर गाडी सुरूच होती. मी ते आमच्या अंगणातून ऐकलं आणि ग्लास काढायला म्हणून नानांच्या मागच्या दाराने आत गेले, तर स्वयंपाकघरात नाना पाठमोरे उभे. फ्रिजमधली बाटली त्यांनी दोन्ही हातांत धरली होती आणि ती खालीवर, खालीवर अशी जीव खाऊन हलवत होते.

मी दिसल्यावर थांबले. पोरासारखे ओशाळले. मी ग्लास उचलले आणि त्यांच्यामागून निघाले.

बाहेर येऊन त्यांनी बाटली स्टुलावर ठेवली. "लय हिंदकळलीया. जरा दम धरा."

मुलाने बाटलीवरचं दव बघितलं. "ही तर फ्रिजमधली दिसते."

"मी आत्ताच आणली दुकानातून," मी म्हणाले. "पळत आले ना, म्हणून हलली."

मुलाने सुस्कारा सोडला, बाहेर जाऊन गाडी बंद केली आणि बापाशेजारी टेकला. नात बुडबुडे बघायला पुढे सरकली आणि बघता बघता आजोबांच्या मांडीवर रेलली. "आजोबा, तुमचा ट्रक बर्फात घसरायचा का?" तिने विचारलं. नाना सांगू लागले. मुलगाही मध्येच म्हणाला, "हे मला कधी सांगितलं नव्हतंत."

बाटलीतला फेस कधीच बसला होता. नानांनी माझ्याकडे एकदा चोरून बघितलं. मी ग्लास गुपचूप आत नेऊन ठेवले.