लाडलेसाबांचं माफक जेवण

जुम्म्याच्या नमाजानंतर मौलानांनी सांगितलं, की पोटाचा एक हिस्सा अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला ठेवावा. आणि जेवण झालं की देणाऱ्याचे आभार मानावेत. मशिदीत शे-दीडशे माणसं होती. बाकीच्यांनी मान डोलावली आणि घरी जाऊन खिमा खाल्ला. लाडलेसाब मुजावरांनी मात्र ते मनावर घेतलं. (म्हणजे बायकोच्या आणि मुलीच्या पोटापुरतं घेतलं.)

लाडलेसाब अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर. दुसऱ्यांवर नजर ठेवायची तीस वर्षांची सवय. आता ते जेवणाच्या दस्तरखानावरही सुपरवायझर झाले. बायकोनं, जैतूनबीनं, दुसरी भाकरी उचलली की ते खाकरायचे. मुलीनं, तबस्सुमनं, भात वाढून घेतला की "तिसरा हिस्सा भरला की, बेटा," म्हणायचे. स्वतः मात्र सावकाश, शेवटपर्यंत जेवायचे. आभार मानायचे तर पोटात काहीतरी पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

तबस्सुमचं लग्न दुधनीच्या बागवानांकडे जमत आलं होतं. मुलगा तिला मनापासून आवडला होता. रविवारी दुपारी त्यांच्या घरी जेवण आणि जेवणानंतर तारीख ठरवायची, असं बोलणं झालं. तबस्सुमला घरी ठेवून नवरा-बायको निघाले, गाडी चालवायला कारखान्यातला बिरप्पा होता. वाटेत वळसंगला लाडलेसाबांनी गाडी थांबवली. टायर बघतो म्हणून उतरले आणि बिरप्पाच्या साक्षीनं टपरीमागं दोन प्लेट भजी आणि चार पाव आटोपून आले. व्याह्यांच्या घरी आपण हावरट दिसू नये, एवढाच त्यांचा शुद्ध हेतू.

दुधनीत पुरुष बाहेरच्या खोलीत बसले, बायका पडद्यामागं. आधी गोड आणि मग खारं, अशी तिथली रीत. म्हणून पहिल्यांदा खीर आली. बावीस माणसांत वयानं मोठे लाडलेसाब. त्यांनी दोन चमचे खीर घेतली, पण आत भजी फुगत होती आणि तिसरा चमचा काही केल्या जाईना. तेव्हा त्यांना वाटलं, की आपलं माफक जेवण चारचौघांना दाखवायला याहून चांगली वेळ मिळायची नाही. त्यांनी दोन्ही हात उचलले आणि खणखणीत आवाजात जेवणानंतरची दुवा म्हणून टाकली.

वडीलधाऱ्यानं दुवा मागितली की पंगत संपली. त्यानंतर ताटात हात घालायचा म्हणजे बेअदबी. बाकीच्या सगळ्यांनी चमचे खाली ठेवले आणि पडेल आवाजात "आमीन" म्हटलं. मुलाचे वडील दस्तगीर बागवान बिर्याणीचं मोठं ताट घेऊन दारात आले होते, ते दारातच थांबले.

"जेवण सपलं व्हय?" बिरप्पानं शेजारच्याला विचारलं. "वास तर आत्ता आलाय की."

दस्तगीरभाईंनी ताट खाली ठेवलं. "मुजावरसाब, आमचं गोड चाखलं. मीठ नक्को झालं काय?"

"तसं न्हाय. कमी खाल्लेलं बरं असतंय."

"म्हंजे आमच्याकडं पोटभर खाल्लं तर वाईट?"

"तसं बी न्हाय."

"मग कसं? मीठच खायचं नसंल तर नातं कशाचं? सोयरीक करायची न्हाय, तर सरळ सांगा की."

पडद्यामागून जैतूनबीचा बारीक आवाज आला. "पोर घरी फोन हातात धरून बसलीया. आता तिला काय सांगू?"

लाडलेसाबांच्या पोटात खड्डा पडला. (भज्यांनी जागा सोडली नव्हती, तरी पडला.) त्यांनी आशेनं बिरप्पाकडं पाहिलं, बिरप्पा बिर्याणीकडं पाहत होता. लेकीच्या लग्नाहून अब्रू मोठी नाही, हे त्यांना त्या क्षणी कळलं आणि कळल्याचा फार राग आला.

"मी वळसंगला भजी खाल्ली," ते मान खाली घालून म्हणाले. "दोन प्लेट. चार पाव बी. पोटात जागा न्हाय. तुमच्या अन्नात काय खोट न्हाय."

मग पडद्यामागून मुलाची आजी, हुसेनबी, बोलली.

"मग ती दुवा भज्यांची झाली. हितल्या जेवणाची अजून मागायचीच हाय. बसा समदे. दस्तगीर, वाढ."

पंगत हसत हसत पुन्हा बसली. लाडलेसाबांच्या पुढ्यात दस्तगीरभाईंनी स्वतःच्या हातानं डोंगर वाढला आणि तो संपेपर्यंत शेजारून हलले नाहीत. पोरीसाठी बापाला काय काय सोसावं लागतं, या विचारानं लाडलेसाबांचे डोळे भरून आले. त्या भरातच त्यांनी बिर्याणीवर घ्यायचा डाळ-मटणाचा दालचा दोनदा मागून घेतला.

तारीख ठरली. आता दुवा. सगळे लाडलेसाबांकडं बघायला लागले, पण हुसेनबी थांबली नाही.

"या अल्ला, तू खायला दिलंस, प्यायला दिलंस, तुझे लाख शुक्र," ती पडद्यामागून म्हणाली. "आणि आमच्या नव्या व्याह्याला दुवेच्या आधी खरं बोलायची अक्कल दे."

आमीन म्हणणं सगळ्यांनाच भाग होतं. सगळ्यात मोठ्यानं म्हटलं ते जैतूनबीनं. लाडलेसाबांनीही तोंड उघडलं, पण त्यांना नुसता ढेकर आला.