करीमभाऊ आणि बारीक बोटं

मूल गावच्या बाजारात करीमभाऊ भेटले, की नमस्काराच्या आधी म्हणायचे, "हात दाखवा जरा." नव्या माणसाला वाटे, हे भविष्य सांगतात. पण तळहाताकडे ते ढुंकूनही पाहत नसत. बोटं पाहत. जाड असली तर "बरं, या मग" म्हणून वाटेला लावत. बारीक असली तर चहा.

मी तिथल्या शाळेत नवी शिक्षिका. माझी बोटं पहिल्याच दिवशी पसंत पडली.

करीमभाऊंचं दुकान ॲम्प्लिफायर दुरुस्तीचं. लग्नात आणि मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, नाटकांत भोंगे वाजवून तापलेले डबे त्यांच्याकडे येत. जळालेला पॉवर ट्रान्झिस्टर काढून नवा बसवायचा तो हीटसिंकवर, म्हणजे उष्णता ओढून घेणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पट्टीवर. मध्ये अभ्रकाचा पातळ तुकडा, पुढून स्क्रू, मागून नट. मागे ट्रान्सफॉर्मर, जागा जेमतेम बोटभर. आणि करीमभाऊंची बोटं केळ्यांएवढी. नट आत पडला की अख्खा डबा उलटा करून खुळखुळवत आणि शांतपणे म्हणत, "गेला पाताळात."

म्हणून मग रस्त्यावरची माणसं धरायची. तहसीलचा कारकून, कासारीण. एकदा तर लग्नाचा बंद पडलेला डबा घेऊन आलेल्या नवरदेवाला त्यांनी हळदीच्या हातांनी नट धरायला बसवलं.

शाळा सुटली की मी जायची. ते पुढून स्क्रू फिरवत, मी मागे नट धरून. "हळू, बाई. अभ्रक फाटलं तं सगळा करंट डब्यात उतरते." मधूनमधून त्यांच्या बायकोच्या, हमीदाबाईंच्या, गोष्टी निघत. दुकानामागेच घर. हाक मारली की त्या पोळ्या सोडून येत, न बघता नट बसवत आणि जात. ट्रान्झिस्टरला पीठ लागलं म्हणून करीमभाऊ कुरकुरत. मी मूलला यायच्या दोन वर्षं आधी त्या वारल्या होत्या.

एकदा करीमभाऊ चार दिवस लेकीकडे गेले आणि नेमका शाळेचा ॲम्प्लिफायर बंद पडला. स्नेहसंमेलन तोंडावर. मी तो चंद्रपूरला नेला. तिथल्या कारागिराने चार स्क्रू काढले, अख्खी पट्टी बाहेर टेबलावर घेतली, दहा मिनिटांत ट्रान्झिस्टर बसवला आणि पट्टी परत आत ठेवली. कुणाच्या बोटांची गरजच पडली नाही.

करीमभाऊ परतल्यावर मी मोठ्या उत्साहाने ही युक्ती त्यांना सांगितली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग चष्मा काढून पुसत बसले.

"मले मालूम हाय, बाई," ते म्हणाले. "हमीदा होती तवाही मालूम होतं. पट्टी बाहेर काढली असती, तं हमीदा दुकानात काऊन आली असती?"

त्या दिवशी दुरुस्तीला काहीच आलेलं नव्हतं. थोड्या वेळाने त्यांनी फळीवरचा एक चांगला चालू ॲम्प्लिफायर खाली काढला आणि उघडायला घेतला.

मी खुर्ची पुढे ओढली.