सिंधूअक्का थायलंडच्या शाळा बघून आल्या

शाळेतून घरी येणाऱ्या आमच्या गल्लीतल्या प्रत्येक पोराला सिंधूअक्कांच्या ओट्यापुढं थांबावंच लागतं. अक्का नाव विचारत नाहीत, अभ्यास विचारत नाहीत. "डबा दाखव," एवढंच म्हणतात. पोर दप्तरातून डबा काढून देतं. अक्का झाकण उघडतात, आत काय उरलंय ते बघतात, वास घेतात आणि निकाल सांगतात. "आज घाई केली. गाजर तसंच हाये." किंवा, "मैत्रिणीशी भांडली वाटते?" पोरगी दचकते, कारण भांडण खरंच झालेलं असतं. चौघींनी मिळून खाल्लेला डबा आणि एकटीनं खाल्लेला डबा वेगळा दिसतो, असं अक्कांचं म्हणणं. कसा वेगळा, ते मला अजून कळलेलं नाही.

फैजपुरातल्या सरकारी शाळेत अक्कांनी वीस वर्षं पोरांची खिचडी शिजवली. त्यामुळे शिक्षण या विषयावर त्यांची मतं ठाम आहेत आणि ती सगळी ताटातून आलेली आहेत. "पोरगं काय शिकलं ते मास्तर सांगीन," त्या म्हणतात. "पोरगं कसं हाये ते खरकटं सांगते."

माझ्या मुलीला गावातल्या नव्या इंग्रजी शाळेत घालायचं ठरलं, तेव्हा अक्का न बोलावता आमच्याबरोबर आल्या. मुख्याध्यापकांनी संगणकाची खोली दाखवली, नाचाची खोली दाखवली. अक्कांनी विचारलं, "उष्ट्याची बादली कुठी ठेवता?" मुख्याध्यापक माझ्याकडं बघू लागले. माझी बायको भिंतीवरचा सूर्यमालेचा तक्ता फार लक्ष देऊन वाचू लागली. बादली शेवटी सापडली. अक्कांनी आत वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "घाला. चालते." मुलगी आता चौथीत आहे आणि मजेत आहे, त्यामुळे मला काही बोलता येत नाही.

अक्कांचे यजमान वारल्याला आठ वर्षं झाली. एकुलता एक मुलगा हेमंत केळीची रोपं तयार करणाऱ्या कंपनीत आहे. दोन वर्षांपूर्वी कंपनीनं त्याला थायलंडला पाठवलं. फैजपूरचा माणूस केळीसाठी परदेशी गेला याचं गावाला काही वाटलं नाही. आपल्याशिवाय आणखी कुणी केळी पिकवतं, याचं मात्र थोडं वाईट वाटलं.

हेमंत, त्याची बायको पल्लवी आणि मुलगी ओवी बँकॉकपासून चारेक तासांवरच्या एका गावात राहू लागले. ओवी शाळेच्या वयाची झाली आणि घरात वाद सुरू झाला. जिल्ह्याच्या शहरात इंटरनॅशनल शाळा होती. शिक्षण इंग्रजीत, पोहायचा तलाव, जगभरची मुलं. पण व्हॅननं जायला दीड तास, यायला दीड तास. दुसरी शाळा घरापासून चालत पाच मिनिटांवर, गावातलीच, थाई भाषेतली.

हेमंत म्हणे, "तीन वर्षांनी माझी बदली होईल. मग ती थाई भाषा घेऊन करील काय? पुढं कुठंही इंग्रजीच लागणार."

पल्लवी म्हणे, "पाच वर्षांचं पोर सकाळी सहाला व्हॅनमध्ये बसवायचं? तिच्या खेळायच्या मैत्रिणी तर बठ्ठ्या, एकूण एक, या गावच्या शाळेत जातात."

अक्कांना हे व्हिडिओ कॉलवर कळलं. त्या तडक माझ्याकडं आल्या. मी कॉलेजात कारकून असल्यानं गल्लीतले सगळे फॉर्म माझ्याकडंच येतात. "पासपोर्टचं बघ," अक्का म्हणाल्या. "मले शाळा बघायला जायचं हाये."

पासपोर्टवरच्या फोटोत अक्का समोरच्या माणसाचा डबा तपासत असल्यासारख्या दिसतात. सामानात भाकरीसाठी कळण्याचं पीठ, ज्वारीचे बिबडे, मिरचीचा ठेचा आणि केळीचे वेफर्स होते. केळीच्या बागेत राहणाऱ्या मुलाला वेफर्स कशाला, असं मी विचारलं. "तिथल्या केळ्याची खात्री काय," म्हणाल्या.

पुढचं त्यांनी मला तिथून रोज फोन करून सांगितलं आणि परत आल्यावर पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

आधी त्या इंटरनॅशनल शाळेत गेल्या. शाळा चांगली होती, हे त्यांनी प्रामाणिकपणे कबूल केलं. बाई हसून बोलत होत्या, वर्गात पुस्तकं भरपूर होती. हेमंतनं अवघडून बादलीबद्दल विचारलं, तर त्यांनी आनंदानं दाखवली. बादली निम्मी भरलेली होती. "पोरं वाईट नहीत," अक्का म्हणाल्या. "पण सात पदार्थ मांडून ठेवतात. पाच वर्षांच्या पोराले एवढं ठरवता येते का? मलेच नसतं येत."

मग गावातल्या शाळेची पाळी. त्या शाळेनं ओवीला आठवडाभर येऊन बसायची परवानगी दिली आणि अक्का रोज सोबत गेल्या. पहिल्या दिवशी मुख्याध्यापिकांना नमस्कार करून त्या सरळ स्वयंपाकघरात शिरल्या. तिथं त्यांच्याच वयाची एक बाई भाजी चिरत बसली होती. मुलं तिला "पा" म्हणत. अक्कांना वाटलं, तिचं नावच पा. पल्लवीनं नंतर सांगितलं, पा म्हणजे मोठी मावशी. "मंग अक्काच की," अक्का म्हणाल्या, आणि तिथून दोघींचं जमलं.

भाषा एकीची दुसरीला येत नव्हती. त्या बाईनं पहिल्याच दिवशी विचारलं, "किन खाव रू यांग?" त्याचा अर्थ, जेवलात का. अक्कांनी त्यातला एकच शब्द धरला. "खाव म्हणते ती. खाव मले समजलं." मग त्यांनी खाली बसून पाच किलो दुधी चिरून दिला.

अडचण एकच होती. तिथं भाजीतसुद्धा माशाचा रस घालतात आणि ओवी शाकाहारी. अक्कांनी हाताचा मासा करून तो हवेत पोहवला, ओवीकडं बोट दाखवलं आणि कोपरापासून हात जोडले. त्या बाईला आधी वाटलं, ओवीला पोहता येत नाही. तिनं खिडकीतून बाहेर बघून इथं तलावच नाही, अशी खूण केली. दुसऱ्या खेपेला मासा कढईत पोहला, तेव्हा तिला उमगलं. त्या दिवसापासून ती रस घालण्याआधी ओवीची भाजी वेगळी काढू लागली.

ओवी पहिले दोन दिवस रडली. तिसऱ्या दिवशी रडली नाही, पण जेवलीही नाही. चौथ्या दिवशी जेवणानंतर सगळी पोरं रांगेत उभं राहून दात घासत होती, त्यात ती मधोमध होती आणि शेजारणीच्या तोंडावरचा फेस बघून हसत होती. अक्कांनी मला हे फोनवर सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "मग ठरलं तर. गावातली शाळा."

"मी नही सांगणार," अक्का म्हणाल्या.

माझ्या ऐकण्यात चूक झाली असं वाटलं. शाळेबद्दल अक्कांचं मत नाही, असं आजवर घडलं नव्हतं. हेमंतनंही त्यांना तेच विचारलं होतं. "आई, तू एवढ्या लांब आली ती शाळा बघायलाच ना? मग सांग."

अक्का त्याला म्हणाल्या, "तुह्या पोरीचं तुम्ही दोघं ठरवा. मी एकदा ठरवलं होतं. चांगलंच व्हावं म्हणून ठरवलं होतं. पण तुले कसं गेलं, ते मी कधी विचारलं नही."

हेमंतला दहाव्या वर्षी त्यांनी धुळ्याच्या एका निवासी शाळेत ठेवलं होतं. मुलगा हुशार, शाळा नावाजलेली, सगळे म्हणाले पाठवा. ज्या जूनमध्ये तो गेला त्याच जूनमध्ये गावच्या शाळेत खिचडी सुरू झाली आणि अक्कांना ते काम मिळालं. रोज दीडशे पोरांना त्या वाढत होत्या. आपल्याला कोण वाढतं, हे मुलानं पत्रात लिहिलं नाही आणि त्यांनी विचारायचं धाडस केलं नाही.

हेमंत हसला. म्हणाला, "पहिल्याच आठवड्यात मी वाढणाऱ्या बाईला चुकून आई म्हटलं. बठ्ठी पोरं हसली. मी रडलो. दुसऱ्या दिवसापासून ती बाई मला शेवटच्या पंगतीला बसवायची आणि पातेल्याच्या तळाची खरवड द्यायची. मी तिथं उपाशी नव्हतो, आई."

अक्कांनी विचारलं, "नाव काय होतं तिचं?"

नाव त्याला आठवत नव्हतं. सहा वर्षं सगळे तिला मावशीच म्हणत होते.

शेवटी ओवीला गावातल्या शाळेत घातलं. दोन वर्षं इथं, मग बघू, असं नवरा-बायकोनं ठरवलं. आता ओवी फोनवर थाईत बोलते आणि अक्का मराठीत उत्तर देतात. दोघींचं कुठं अडत नाही.

परत आल्यावर आठवड्यानं अक्का माझ्याकडं आल्या. हातात तिकडून आणलेलं रेशमी कापड होतं. "धुळ्याले चल माह्यासंगं," म्हणाल्या.

आम्ही एसटीनं गेलो. निवासी शाळा तिथंच होती, इमारत नवी झाली होती. ऑफिसातल्या माणसानं जुनी नावं शोधायचा खरंच प्रयत्न केला, पण त्या काळच्या स्वयंपाकाच्या बायकांची नोंद सापडली नाही. मला वाटलं, आता अक्का परत फिरतील. त्या म्हणाल्या, "ती नही तर जी असंल तिले देईन," आणि वासाच्या दिशेनं चालू लागल्या.

स्वयंपाकघरात भरघोस मिशांचे एक गृहस्थ वरण ढवळत होते. अक्का क्षणभर कापडाकडं बघत उभ्या राहिल्या. मग ते त्या गृहस्थांच्या हातात ठेवलं. ते गोंधळले. "मावशी, हे मला कशाला?"

"माहा पोरगा सहा वर्षं इथी जेवला," अक्का म्हणाल्या, आणि हात जोडले.

त्यांनी डाव बाजूला ठेवला, हात पुसले, कापड जपून कपाटात ठेवलं. मग एवढंच म्हणाले, "बसा ना. पोरांची पंगत बसतेच आहे."

अक्का जाऊन पोरांच्या रांगेत शेवटी बसल्या. त्यांनी वरण दोनदा घेतलं, भात दोनदा मागितला, आणि शेजारचा मुलगा सांगत होता ते सगळं मान हलवत ऐकून घेतलं.