जसं आहे, जिथं आहे

समोरच्या साळवेकाकांकडे चहाला गेलात, तर चहा 'आवक-जावक' असं लिहिलेल्या खिडकीतून मिळेल. एका सरकारी कार्यालयाच्या लिलावातून आणलेली ही जाळीची खिडकी काकांनी स्वयंपाकघराच्या दारात बसवली आहे. तुम्ही बसाल त्या खुर्चीच्या पाठीवर पांढऱ्या रंगात नंबर असेल. जेवायला थांबलात तर आमटीचा डाव वसतिगृहाचा आहे. एकाच डावात ताट भरून वाहतं.

काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, पण खात्यांवरचा जीव सुटला नाही. पेपर आला की आधी लिलावाच्या नोटिसा. कुठे शाळेची बाकं निघालीत, कुठे दवाखान्याच्या खाटा. मग गडी जागेवर राहत नाही. घरात येरझाऱ्या, जिन्यात येरझाऱ्या, शेवटी आमची बेल. माझ्याकडे स्कूटर आहे, हा माझा गुन्हा.

"अगं, सरकारी सागवान आहे. रंग बघू नकोस, वजन बघ."

माल 'जसा आहे, जिथे आहे' या तत्त्वावर मिळेल, असं नोटिशीत छापलेलं असतं. म्हणजे मोडका निघाला तरी तक्रार चालणार नाही, आणि उचलून न्यायचा तुम्हीच. काका हे वाक्य भाजीवालीपासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांना ऐकवतात. माझं लग्न ठरत होतं तेव्हा मलाही ऐकवलं होतं.

लिलावातला त्यांचा नियम एकच. जे हवं त्याच्याकडे बघायचं नाही. भंगारवाले नजर ओळखतात आणि बोली चढवतात. म्हणून कपाट हवं असलं की काका शेजारच्या गंजक्या पंख्याला गोंजारत उभे राहतात.

मध्यंतरी स्वारगेटकडची एक जुनी शाळा बंद झाली. काकांच्या पत्नी, कुसुमकाकू, तिथेच आयुष्यभर शिकवत होत्या. आता त्यांना विस्मरणाचा आजार आहे. रोज सकाळी साडी नेसून, पर्स घेऊन त्या दाराशी येतात आणि शाळेला उशीर होतोय म्हणून रडकुंडीला येतात. काका त्यांना आमच्या बिबवेवाडीतच एक चक्कर मारून परत आणायचे. पण हल्ली त्या हात सोडवून पळतात. एकदा तर भर सिग्नलमध्ये सापडल्या. शाळेच्या लिलावात काकूंचं टेबल होतं. शाळाच घरी आणली तर कुसुम घरात थांबेल, असं काकांनी मला स्कूटरवर मागून ओरडून सांगितलं.

टेबल व्हरांड्यात पडलं होतं, एक पाय आखूड. काका सरळ गेले आणि त्यावर हात ठेवून उभे राहिले. भंगारवाल्यानं पाहिलं. मी खोकले, डोळे वटारले, शेवटी जवळ जाऊन म्हणाले, "काका, हात काढा. तो बघतोय."

"बघू दे."

व्हायचं तेच झालं. भंगारवाला चढवत गेला, काका चढत गेले. लॉट फोडून मिळत नाही, त्यामुळे मोडकी बाकं आणि गंजलेली घसरगुंडीसुद्धा आमच्या गळ्यात पडली. माझं डोकं फिरलं होतं. टेम्पोमागून घरी येईपर्यंत मी एकटीच बडबडत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. काकू पर्स घेऊन तरातरा बाहेर आल्या आणि हॉलमध्ये थबकल्या. त्यांनी टेबलावरून बोट फिरवलं, धूळ बघून कपाळाला आठी घातली, पर्स खणात ठेवली आणि खुर्चीत बसल्या. काका समोरच्या बुटक्या बाकावर गुडघे दुमडून बसले होते. त्यांचे डोळे भरून आले होते. माझेही.

काकूंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "नाव काय रे तुझं?"

काका उठून उभे राहिले. "दिगंबर, बाई."

"नवीन आलास का? बस हं, बाळा. रडायचं नाही. मी आहे ना इथे."